जेनोव्हाचं फुटबॉल आणि जेनोव्हाची माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या वायव्य किनाऱ्यावरच्या जेनोव्हा या बंदरात मी दोन वर्षं शिकायला होते. परत आल्यापासून ओळखीचे लोक, भाचे-पुतणे, इटलीला निघालेली मंडळी साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. फुटबॉलविषयी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर शहराविषयी निघेल आणि शहराविषयीचं फुटबॉलकडे वळेल, कारण तिथे या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

शहराचं नाव जेनोव्हा, मग क्लबचं नाव जेनोआ का?

कारण क्लब इंग्रजांनी काढला आणि ते शहराला जेनोआ म्हणायचे. इटालियन लोक जेनोव्हा म्हणतात, तिथली स्थानिक बोली बोलणारे झेना म्हणतात. फॅसिस्ट राजवटीत परकी नावं चालत नव्हती, तेव्हा क्लबला काही वर्षं 'जेनोव्हा १८९३' असं नाव लावावं लागलं. युद्ध संपल्यावर जुनं इंग्रजी नाव परत आलं. 'आमचं नाव परत द्या' म्हणून एखादं इटालियन शहर इंग्रजी उच्चारासाठी हट्ट धरतं, याचं मला पहिल्यांदा नवल वाटलं होतं. दोन वर्षं राहिल्यावर ते उरलं नाही. क्लब पहिला आहे, तर त्याचं नावही पहिलंच हवं, इतकं ते सरळ आहे.

क्लबच्या नावात क्रिकेट आहे हे खरं का?

अगदी खरं. जेनोआ क्रिकेट अँड फुटबॉल क्लब हे आजचं अधिकृत नाव आहे. ७ सप्टेंबर १८९३ रोजी ब्रिटिश वकिलातीत काही इंग्रज जमले आणि त्यांनी जेनोआ क्रिकेट अँड अ‍ॅथलेटिक क्लब स्थापन केला. फुटबॉल तेव्हा नावातही नव्हतं. सदस्य फक्त ब्रिटिश, खेळ क्रिकेट आणि मैदानी शर्यती. आज चालू असलेल्या इटालियन फुटबॉल क्लबांमध्ये हा सर्वांत जुना.

आपल्याला यात गंमत वाटते ती उलट्या बाजूने. मुंबईतही इंग्रजांनी दोन्ही खेळ आणले. रोव्हर्स चषकाचं फुटबॉल मुंबईत १८९१ साली सुरू झालं, म्हणजे इटलीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा व्हायच्या सात वर्षं आधी. पण आपण क्रिकेट उचललं आणि जेनोव्हाने फुटबॉल. क्रिकेट तिथे नावात राहिलं, मैदानातून गेलं. इटलीचा संघ २०२६च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी पहिल्यांदा पात्र ठरला, तेव्हा मी जेनोव्हातल्या माझ्या शेजारच्या आजोबांना निरोप धाडला. ते पक्के जेनोआवाले. उत्तर आलं, 'आम्ही १८९३ पासून तयार आहोत.'

इतके इंग्रज तिथे करत काय होते?

कोळसा आणि जहाजं. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि भूमध्य समुद्रातली बंदरं एकदम पूर्वेच्या वाटेवर आली. ब्रिटनहून कोळसा घेऊन बोटी जेनोव्हाला लागत. त्यांच्यामागे दलाल, अभियंते, विमावाले, डॉक्टर असा सगळा गोतावळा आला. मुंबईचा धागाही इथेच आहे. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात जेनोव्हाच्या रुबात्तिनो कंपनीच्या आगबोटी थेट मुंबईला येत असत. पुढे विमानप्रवास परवडू लागेपर्यंत युरोपात शिकायला निघालेले कितीतरी भारतीय इटालियन बोटीने मुंबई सोडून जेनोव्हाच्या धक्क्यावर उतरले. आपल्याकडच्या जुन्या प्रवासवर्णनांत हे नाव म्हणूनच वारंवार भेटतं.

फुटबॉल कुणी आणलं?

जेम्स रिचर्डसन स्पेन्स्ली या इंग्रज डॉक्टराने. तो १८९६ मध्ये कोळशाच्या बोटींवरच्या खलाशांवर उपचार करायला आला. त्याने क्लबात फुटबॉलचा विभाग सुरू केला आणि १८९७ मध्ये इटालियन माणसांना सदस्यत्व मिळावं म्हणून क्लबाची दारं उघडायला लावली. माझ्या मते जेनोव्हाच्या फुटबॉलची खरी जन्मतारीख हीच. नाहीतर तो परदेशी साहेबांचा जिमखानाच राहिला असता.

स्पेन्स्ली स्वतः गोलरक्षक होता. इटलीत बालवीर चळवळ रुजवणाऱ्यांतही त्याचं नाव घेतात. त्याला ग्रीक आणि संस्कृतची आवड होती असं सांगतात. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात डॉक्टर म्हणून गेला. शत्रूच्या जखमी सैनिकाची शुश्रूषा करताना तो घायाळ झाला, अशी हकीकत आहे. १९१५ मध्ये जर्मनीत, माइन्त्समध्ये, कैदेत असताना त्याचा मृत्यू झाला.

जेनोआने जिंकलंय काय?

नऊ राष्ट्रीय जेतेपदं. पहिलं ८ मे १८९८ रोजी तुरीनमध्ये. चार संघ, सगळी स्पर्धा एका दिवसात, अंतिम सामना जादा वेळेत. शेवटचं १९२४ मध्ये. हो, १९२४. तुम्ही बरोबर वाचलंत.

मधल्या काळातलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे, विल्यम गार्बट. हा इंग्रज प्रशिक्षक १९१२ मध्ये आला. खेळाडू त्याला 'मिस्टर' म्हणायचे. आजही इटलीत कुठल्याही गावच्या पोराटोरांच्या संघाचा प्रशिक्षक 'मिस्टर' असतो, तो शब्द गार्बटपासून आला असं मानतात.

'दहाव्या जेतेपदाचा तारा' हे काय प्रकरण आहे?

इटलीत दहा जेतेपदं झाली की शर्टावर एक सोनेरी तारा लावता येतो. जेनोआ नऊवर अडकलं आहे, आणि ते कसं अडकलं याची जखम शंभर वर्षांनंतरही ओली आहे.

१९२५ मध्ये जेनोआ आणि बोलोन्या यांच्यात उत्तर विभागाची अंतिम लढत इतकी चिघळली की पाच सामने खेळावे लागले. तिसऱ्या सामन्यात जेनोआ २-० ने पुढे होतं. बोलोन्याचा एक फटका पंचाने आधी गोल धरला नाही. लोक मैदानात घुसले, गोंधळ झाला, आणि शेवटी गोल दिला गेला. सामना बरोबरीत सुटला. चौथ्या सामन्यानंतर तुरीनच्या रेल्वे स्थानकावर चाहत्यांच्या गाड्यांमध्ये गोळीबार झाला. पाचवा सामना ऑगस्टमध्ये, मिलानमध्ये, सकाळी सात वाजता, प्रेक्षकांविना खेळवला. बोलोन्या जिंकलं.

शेजारचे आजोबा हे सगळं असं सांगायचे की जणू परवा घडलंय. त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं, त्यांनी नातवाला. जेतेपदापेक्षा गेलेलं जेतेपद घराघरातून जास्त नीट पुढे दिलं जातं, हे मी त्या स्वयंपाकघरात पाहिलं.

मग साम्पदोरिया कुठून आली?

साम्पदोरिया हा शहरातला दुसरा मोठा क्लब. ऑगस्ट १९४६ मध्ये दोन क्लब एकत्र होऊन तो झाला. एक साम्पिएरदारेना या पश्चिमेकडच्या कारखान्यांच्या वस्तीचा साम्पिएरदारेनेसे, दुसरा आंद्रेआ दोरिया. साम्प अधिक दोरिया. साम्पिएरदारेना १९२६ पर्यंत वेगळी नगरपालिका होती. मग ती मोठ्या जेनोव्हात ओढली गेली आणि तिथल्या जुन्या लोकांना ते फारसं रुचलेलं नाही. आंद्रेआ दोरिया हा १६व्या शतकातला जेनोव्हाचा दर्यासारंग, शहराच्या इतिहासातलं सर्वांत मोठं नाव. म्हणजे नावाचा एक तुकडा भोंग्यावर कामाला जाणाऱ्या वस्तीचा आणि दुसरा सरदारांचा.

शर्टही असाच जोडलेला: निळ्यावर पांढरा, लाल, काळा, पांढरा असे आडवे पट्टे. एका क्लबचा निळा-पांढरा, दुसऱ्याचा पांढरा-लाल-काळा. इटलीतला सर्वांत देखणा शर्ट हाच, हे जेनोआवालेही खासगीत मान्य करतात. बोधचिन्हावर चिलीम ओढणाऱ्या दाढीवाल्या खलाशाची आकृती आहे. त्याला बाचिच्चा म्हणतात. जोव्हान्नी बात्तिस्ता या नावाचं ते जेनोव्ही लाडकं रूप, आपल्याकडे पांडुरंगाचा पांडू होतो तसं.

शहर कुणाच्या बाजूचं? विभागणी कशी आहे?

गरीब विरुद्ध श्रीमंत, पूर्व विरुद्ध पश्चिम असं काही तरी ऐकायला लोक उत्सुक असतात. तसं नाही. एकाच जिन्यावर, एकाच घरात दोन्ही सापडतात. जेनोआवाले म्हणतात, आम्ही आधीचे. साम्पदोरियावाले म्हणतात, आम्ही जिवंत आठवणीत जिंकलेले.

दोघांच्या सामन्याला लान्तेर्नाची डर्बी म्हणतात. लान्तेर्ना म्हणजे बंदरावरचं दीपगृह, १५४३ साली आजच्या रूपात बांधलेलं, ७७ मीटर उंच. पहिली डर्बी ३ नोव्हेंबर १९४६ रोजी झाली आणि नव्या पोरांनी, साम्पदोरियाने, ती ३-० अशी जिंकली. मे २०११ मध्ये भरपाईच्या वेळेत बोसेल्लीच्या गोलने जेनोआने डर्बी जिंकली, साम्पदोरिया खालच्या गटात घसरली, आणि जेनोआच्या चाहत्यांनी शहरातून तिची अंत्ययात्रा काढली. एप्रिल २०२२ मध्ये फासे उलटे पडले. शेवटच्या मिनिटांत मिळालेली जेनोआची पेनल्टी साम्पदोरियाच्या गोलरक्षकाने अडवली आणि त्या मोसमात जेनोआ खाली गेलं. पुढच्याच वर्षी जेनोआ वर आलं आणि साम्पदोरिया खाली गेली. पाळणा असा वरखाली होत राहतो.

साम्पदोरियाचा सुवर्णकाळ कोणता?

पाओलो मान्तोव्हानी या तेलाच्या व्यापाऱ्याचा काळ. तो मूळचा रोमचा, १९७९ मध्ये अध्यक्ष झाला आणि १९९३ मध्ये त्याच पदावर असताना वारला. त्याने तरुण पोरं घेतली आणि विकायचं नाकारलं. जानलुका व्हियाल्ली आणि रॉबेर्तो मान्चिनी ही त्यातली जोडी, 'गोलचे जुळे' म्हणायचे त्यांना. प्रशिक्षक युगोस्लाव्हियाचे वुयादिन बोश्कोव्ह. १९९० मध्ये व्हियाल्लीच्या दोन गोलांवर अँडरलेख्तला हरवून युरोपचा कप विनर्स चषक आला. १९ मे १९९१ रोजी लेच्चेला ३-० ने हरवून इटलीचं जेतेपद आलं, आजवरचं एकमेव. त्या वर्षी मॅराडोना, मॅथाउस, व्हॅन बास्टन असे जगातले बडे खेळाडू सगळे याच लीगमध्ये खेळत होते, हे लक्षात घ्या.

पुढच्या मे महिन्यात वेम्बलीवर युरोपियन चषकाचा अंतिम सामना बार्सिलोनाशी झाला. जादा वेळेत बार्सिलोनाच्या कूमनच्या फ्री-किकवर तो हातचा गेला. व्हियाल्लीने त्या दिवशी संधी दवडल्या होत्या.

११ जुलै २०२१ रोजी वेम्बली याच नावाच्या नव्या मैदानावर इटलीने युरो स्पर्धा जिंकली. प्रशिक्षक मान्चिनी, पथकप्रमुख व्हियाल्ली, तोही कर्करोगाशी झुंजत असलेला. दोघे मिठी मारून रडले. ते चित्र जगाने इटलीचं म्हणून पाहिलं, जेनोव्हाने साम्पदोरियाचं म्हणून. ६ जानेवारी २०२३ रोजी व्हियाल्ली गेला.

मुगुन्यो म्हणजे काय?

कुरकुर. पण नुसती कुरकुर नव्हे, हक्काची कुरकुर. जुन्या काळी जेनोव्हाच्या जहाजांवर खलाशाला दोन प्रकारचे करार मिळत असं तिथे सांगतात: जास्त पगार पण तक्रार करायची नाही, किंवा कमी पगार आणि तक्रारीचा हक्क. जेनोव्हाचा माणूस दुसरा करार घ्यायचा. जी माणसं पैशाला इतकी जपतात म्हणून इटलीभर प्रसिद्ध आहेत, त्यांनी पैसे सोडून बोलण्याचा हक्क घेतला. ही गोष्ट कळली की शहर कळतं.

मैदानात हे रोज दिसतं. संघ २-०ने पुढे असला तरी माझ्या शेजारची बाई बदली खेळाडूवरून धुसफुसत असायची. ती नाराज नव्हती, ती तिचा हक्क वापरत होती.

याचं टोकाचं रूपही पाहायला मिळालं आहे. २२ एप्रिल २०१२ रोजी सिएनाविरुद्ध जेनोआ घरच्या मैदानावर ०-४ असं मागे पडलं, तेव्हा कट्टर चाहत्यांनी खेळ थांबवला आणि खेळाडूंना शर्ट उतरवायला सांगितलं, कारण ते त्या शर्टाच्या लायकीचे नाहीत. बहुतेकांनी उतरवले. स्कुल्ली या खेळाडूने नकार दिला. मला तो प्रकार पटलेला नाही. धमकावून मिळालेला मान हा मान नसतो. पण शर्टाला तिथे काय किंमत आहे ते यातून दिसतं.

आणि दुसरी बाजू फ्रान्को स्कोल्योची. जेनोआचा हा माजी प्रशिक्षक म्हणायचा की मी जेनोआविषयी बोलता बोलताच मरेन. ३ ऑक्टोबर २००५ रोजी दूरचित्रवाणीच्या थेट कार्यक्रमात, जेनोआविषयीच्या चर्चेत, त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला.

१४ ऑगस्ट २०१८ नंतर शहराने काय केलं?

त्या दिवशी सकाळी ११ वाजून ३६ मिनिटांनी, मुसळधार पावसात, शहरातला महामार्गाचा मोरान्दी पूल कोसळला. ४३ माणसं गेली. दोन्ही क्लबांचे त्या आठवड्यातले सामने पुढे ढकलले गेले. २६ ऑगस्टला जेनोआचा घरचा पहिला सामना एम्पोलीशी झाला. चाहत्यांनी ठरवलं की ४३ मिनिटं आवाज करायचा नाही. इटलीतल्या सर्वांत गोंगाटाच्या स्टँडपैकी एक, आणि तिथून ढोल नाही, गाणं नाही. सामन्याचं चित्रण पुढे मी पाहिलं. चेंडूला बूट लागल्याचा आवाज ऐकू येतो. खेळाडू एकमेकांना हाका मारतात त्या ऐकू येतात. आपल्या संघाने गोल केला तरी गप्प बसणं हे किती अवघड असतं, ते ज्याने स्टँडमध्ये उभं राहून सामना पाहिलाय त्यालाच कळेल.

नवा पूल जेनोव्हाचाच वास्तुरचनाकार रेन्झो पियानो याने आखला. तो ऑगस्ट २०२० मध्ये खुला झाला.

मारास्सीचं मैदान कसं आहे?

अधिकृत नाव लुइजी फेर्रारिस. तो जेनोआचा जुना कर्णधार, पेशाने अभियंता, पहिल्या महायुद्धात मारला गेला. मैदान १९११ पासून तिथेच आहे. मारास्सी हे वस्तीचं नाव आणि सगळे तेच वापरतात. १९९० च्या विश्वचषकासाठी वित्तोरियो ग्रेगोत्तीने ते नव्याने बांधलं: चार कोपऱ्यांत चार लालसर चौकोनी मनोरे, मध्ये धावपट्टी नाही, प्रेक्षक अगदी रेषेला टेकलेले. सुमारे ३३ हजार माणसं बसतात. उत्तरेचा स्टँड जेनोआचा, दक्षिणेचा साम्पदोरियाचा, मैदान दोघांचं एकच. भिंतीला लागून तुरुंग आहे. कैद्यांना गोल झाल्याचं डोळ्यांनी दिसत नसलं तरी कानांनी नक्की कळत असणार.

ब्रिन्योले रेल्वे स्थानकावरून चालत गेलात तर पंचवीसेक मिनिटं लागतात. वाट बिझान्यो नदीच्या काठाने जाते. एरवी तिथे दगडगोटे आणि पाण्याची बारीक धार दिसते. पण डोंगर शहराच्या पाठीला इतके चिकटलेले आहेत की पाऊस कोसळला की हीच नदी काळ होते. ४ नोव्हेंबर २०११ च्या पुरात याच भागात ६ जणांचा जीव गेला, २०१४ मध्ये पुन्हा पूर आला. दोन्ही वेळा फावडी घेऊन तरुण पोरं चिखल उपसायला उतरली. लोक त्यांना चिखलातले देवदूत म्हणाले.

सामना पाहायला जाणं सुरक्षित आहे का?

एरवी हो. तिकीट नावावर असतं, पासपोर्ट बरोबर ठेवा. ज्या स्टँडमध्ये बसाल तिथले रंग नसले तरी चालेल, समोरच्यांचे नकोत. लहान मुलं घेऊन घरची घरं येतात. पण खोटं चित्र रंगवणार नाही: जानेवारी १९९५ मध्ये मिलानविरुद्धच्या सामन्याआधी जेनोआच्या एका तरुण चाहत्याचा भोसकून खून झाला आणि पुढच्या रविवारी इटलीतले सगळे खेळ बंद ठेवले गेले. डर्बीच्या रात्री अनोळखी गल्लीत उगाच रेंगाळू नका.

फुटबॉलशिवाय काही आहे का?

भरपूर, आणि बहुतेक पाण्यात. जेनोव्हाच्या पूर्वेला वीसेक किलोमीटरवर रेक्को हे छोटं गाव आहे. तिथला प्रो रेक्को हा वॉटर पोलोचा क्लब २०२३ पर्यंत ११ वेळा युरोपचा विजेता झाला आहे. रेल्वेच्या पुलासाठी दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब टाकून हे गाव जवळजवळ पुसून टाकलं होतं. त्याच गावाच्या क्लबातला एराल्दो पित्सो, टोपणनाव 'केमन', १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या इटलीच्या संघात होता.

दुसरी गोष्ट वल्हवण्याची. जेनोव्हा, व्हेनिस, पिसा आणि आमाल्फी या चार जुन्या सागरी प्रजासत्ताकांची शर्यत १९५० च्या दशकापासून आळीपाळीने भरते. प्रत्येक बोटीत आठ वल्हेकरी, एक सुकाणूवाला, अंतर दोन हजार मीटर. जेनोव्हाची बोट पांढरी, पुढे ड्रॅगनचं तोंड. सायकलवाल्यांसाठी मिलान-सानरेमो ही शर्यत तुर्किनो घाट उतरून जेनोव्हाच्या किनाऱ्यावर येते.

आणि हो, खलबत्त्यात पेस्तो कुटायची जागतिक स्पर्धाही तिथे पालात्सो दुकालेमध्ये भरते. संगमरवरी खल, लाकडी बत्ता, तुळशीच्या जातीची बेसिलची पानं, पाइनच्या बिया, लसूण, चीज, तेल, मीठ. हा खेळ आहे की स्वयंपाक, यावर मी तिथे वाद घातला नाही.

अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सचा जेनोव्हाशी काय संबंध?

जवळचा. ब्युनोस आयर्सच्या ला बोका या बंदरवस्तीत जेनोव्हाहून गेलेली माणसं राहत. त्यांच्या पोरांनी १९०५ मध्ये हा क्लब काढला. बोकाच्या चाहत्यांना आजही 'सेनेइसेस' म्हणतात. झेनाचे लोक, म्हणजे जेनोव्हाचे. खुद्द जेनोव्हातही बोलीचा अभिमान खोल आहे. कवी-गायक फाब्रित्सियो दे आंद्रे, जो जेनोआचा कट्टर चाहता होता, त्याने १९८४ मध्ये आख्खा अल्बम याच बोलीत केला.

तुम्ही स्वतः कुणाच्या?

जेनोआच्या. शेजारच्या आजोबांनी पहिल्या हिवाळ्यात लाल-निळा गळपट्टा माझ्या दाराच्या कडीला अडकवून ठेवला होता. थंडी फार होती, मी तो घातला. खाली बेकरीवाला साम्पदोरियाचा होता. त्या दिवशी त्याने मला फोकाच्चाचा, म्हणजे तिथल्या चपट्या पावाचा, कडेचा करपलेला तुकडा दिला. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखा मधला.

सामन्याच्या दिवशी शाकाहारी माणसाने काय खावं?

फारिनाता. बेसन, पाणी, ऑलिव्हचं तेल आणि मीठ. पीठ काही तास भिजवून ठेवतात, वरचा फेस काढतात आणि कल्हईच्या मोठ्या तांब्याच्या परातीत घालून लाकडाच्या भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ. पहिला घास घेतल्यावर मी आधी आईला फोन लावला होता. जुन्या बंदरासमोरच्या सोत्तोरीपाच्या कमानींखाली किंवा आतल्या कारुज्जींमध्ये, म्हणजे अरुंद बोळांमध्ये, विचारत गेलात की मिळेल. परात भट्टीतून निघाली की रांग हलते, तोवर थांबा. मिरपूड स्वतः मागून घ्या, आणि उभ्या उभ्या, गरम असतानाच खा.